साडूंची म्यानातली तलवार

माझे साडू जन्मले तेव्हा त्यांनी म्हणे सुईणीकडे आधी एक डोळा उघडून नीट पाहून घेतलं आणि मगच रडले. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर विचारलं, "तुमचा बसला का विश्वास? का बसला?" या भूतलावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी एकही गोष्ट परमेश्वराने निर्माण केलेली नाही, आणि परमेश्वराच्या हेतूंबद्दलही त्यांचं मत अजून राखीव आहे.

ते भातसानगरला धरणाच्या दरवाज्यांवर नोकरीला आहेत. ज्या माणसाने उभं आयुष्य एवढ्या पाण्यावर नजर ठेवण्यात घालवलं, तो संशयी होणारच, असं माझी बायको म्हणते. मला वाटतं उलटंच असावं. नेमणूक करणाऱ्याने माणूस पारखूनच घेतला असणार. भर उन्हाळ्यात धरण आरशासारखं शांत पसरलेलं असताना मी एकदा सहज म्हणालो, "काय सुंदर दिसतंय हो पाणी!" तर साडू डोळे बारीक करून म्हणाले, "शांत दिसतंय ना? म्हंजे कायतरी ठरवतंय." रस्त्यात भेटल्यावर "काय, बरं आहे ना?" असं त्यांना कोणी विचारू नये. "का? कोण काय बोललं?" असा उलटा सवाल येतो आणि मग आपण तो प्रश्न का विचारला याचा खुलासा करता करता आपलीच बस चुकते. शहापूरच्या बाजारात एका नव्या दुकानाच्या उद्‌घाटनाला येणाऱ्या प्रत्येकाला प्लॅस्टिकची बादली फुकट मिळाली. साडूंनी ती घेतली, पण घरात येऊ दिली नाही. कितीतरी दिवस ती अंगणात पालथी पडून होती. "खाली भोक नाय," ते म्हणाले, "म्हंजे दुसरीकडं कुठंतरी असणार."

माझं शहापुरात चष्म्याचं दुकान आहे. नात्यातला माणूस म्हणून मी त्यांना डोळे तपासायला बसवलं. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा म्हटलं, तर त्यांनी आधी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "पाटी तुमीच लावली ना? चष्मा पण तुमीच विकणार?" मी हो म्हणालो. ते उठले, कल्याणला गेले, तिथे दुसऱ्याकडून डोळे तपासून आले. दोन्हीकडे नंबर एकच निघाला. त्यावर कोणी म्हणालं असतं, चला, नंबर बरोबर आहे. साडू माझ्या दुकानात येऊन हळूच म्हणाले, "तुमचा नि त्याचा कधीपासून घरोबा?"

अशा माणसाच्या घरी पोटची पोर मात्र अशी, की हिला कोणी खोटं बोललं तरी त्यातली गोष्ट आवडायची. नाशिकला शिकायला होती, तिथेच नोकरीला लागली, आणि मध्यंतरी कंपनीने घरूनच काम करा म्हटल्यावर वर्षभर भातसानगरच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिली. येताना तिने वसतिगृहात शिकलेला एक खेळ आणला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं: कोणी जादूगार, कोणी वैद्य, कोणी योद्धा. वाटेत राक्षस येतो, दरी येते. आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं आणि जमलं की फसलं ते फासा टाकून ठरवायचं. रविवारी दुपारची जेवणं झाली की आम्ही बसायचो. मी जादूगार झालो, माझी बायको वैद्य झाली. माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, "मला खऱ्या आयुष्यात पुरेसे राक्षस आहेत" असं म्हणून कांदाभजी तळायला गेली ती कायमचीच.

साडूंनी पहिला आक्षेप फाशावर घेतला. त्या फाशाला वीस तोंडं होती. "सहा तोंडांच्या फाशानं राज्यंच्या राज्यं गेली," ते म्हणाले, "ह्याला वीस!" त्यांनी तो फासा पाण्याच्या पेल्यात टाकला. तो बुडाला. मग त्यांनी पेल्यात मीठ घालायला सुरुवात केली, फासा तरंगेपर्यंत घातलं, आणि बोटाने टिचक्या मारून कुठलं तोंड पुन्हा पुन्हा वर येतंय ते बघत बसले. मेहुणीचा मिठाचा डबा रिकामा झाला. फासा निर्दोष सुटला, पण जामिनावर सुटावा तसा.

मग पात्र निवडायची वेळ आली. पोरीने एकेक जात समजावून सांगितली. बुटके असतात, ते डोंगर पोखरतात. माणसं असतात, ती आपल्यासारखीच. एल्फ असतात, ते रानात राहतात, टोकदार कानांचे, तीक्ष्ण नजरेचे, आपली बोली बोलणारे, माणसांत फारसे न मिसळणारे. "आणि अर्धएल्फ," ती म्हणाली, "आई एल्फ, बाप माणूस."

"तो दे," साडू म्हणाले.

बुटक्यांबद्दल ज्यांनी, ते डोंगर कोणाच्या परवानगीने पोखरतात इथपासून चौकशी केली होती, त्यांनी अर्धएल्फाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मला जरा नवल वाटलं, पण तेवढ्यात भजी आली.

तर साडू अर्धएल्फ योद्धा झाले. अंगात चिलखत, पाठीला ढाल, कमरेला लांब तलवार. नाव काय ठेवायचं विचारल्यावर म्हणाले, "अनोळखी लोकांत नाव कशाला सांगायचं?" तेव्हा आम्ही त्यांना नुसतं योद्धेबुवा म्हणू लागलो. आणि या योद्धेबुवांनी वर्षभरात एकदाही तलवार उपसली नाही. उपसायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. गुहेत शिरायच्या आधी ते गुहेभोवती प्रदक्षिणा घालून मागचं दार शोधत. खजिन्याची पेटी दिसली की तिच्याकडे पाठ करून बसत. "पेटी उघडी ठेवून मालक गेला कुठं, ते आधी सांग." मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, योद्धा ना तुम्ही? तलवार कशाला दिलीय?" तर म्हणाले, "आमच्या हापिसात आग विझवायची लाल बाटली हाय. म्हून आमी आग लावतो का?"

पहिल्या रविवारी आमची टोळी एका खाणावळीत उतरली. गोष्ट अशी होती की तिथे रात्र काढून सकाळी राजकन्येच्या शोधात निघायचं. खाणावळवाल्याने, म्हणजे त्याच्या आवाजात पोरीने, प्रवाशांना गरम रस्सा देऊ केला. बस.

"रस्सा कशाचा?" योद्धेबुवांनी विचारलं.

"सशाचा."

"ससा कोणी मारला?"

"मीच, महाराज."

"कुठं?"

"मागच्या रानात."

"रान कोणाचं?"

हे दिवेलागणीपर्यंत चाललं. रानाच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, खाणावळ चालत नसताना एवढे ससे कशाला मारतोस, आणि मघाशी बायको माहेरी गेली म्हणालास तर मग आतून भांडी वाजली ती कोणी वाजवली, असं विचारत साडूंनी त्या गरीब माणसाला असं घेरलं की शेवटी त्याने तळघरात एक पळालेला शिपाई लपवल्याचं रडत रडत कबूल केलं. पोरीने डोक्याला हात लावला. "बाबा, हे माझ्या गोष्टीत नव्हतंच! तो साधा खाणावळवाला होता! तुमच्यामुळे गुन्हेगार झाला तो!" साडूंनी शांतपणे भजी उचलली. "मला त्याचा चेहराच बरोबर वाटला नवता," ते म्हणाले.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी पोरीने एक नवा गडी आणला. नाशिकला तिच्याबरोबर काम करणारा, मूळचा सोलापूरचा, घरात तेलुगू बोलणारा, वडिलांचा चादरींचा व्यवसाय. उंच, सावळा, आणि हसताना मान खाली घालणारा. मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. साडूंनी त्याला पायांपासून सुरुवात करून वरपर्यंत पाहिलं. "हा माझा मित्र," पोर म्हणाली, "आणि गोष्टीत हा चोर आहे."

आता काय होतंय म्हणून मी साडूंकडे पाहिलं. साडूंनी चष्मा नाकावर वर सरकवला. मग म्हणाले, "आजवर लई चोर बघितले. पैल्याच भेटीत सांगणारा हा पैलाच."

पुढच्या रविवारी गोष्टीत एक दरी आली. खाली दिसत नाही इतकी खोल. पलीकडे एल्फांचं रान आणि रानाच्या तोंडाशी त्यांची वेस. चोर चपळ, म्हणून तो झाडाच्या फांद्यांना लोंबकळत आधी पलीकडे गेला, आणि तिथून त्याने दोर फेकला. मी त्याला धरून गेलो, वैद्यबाई गेल्या. योद्धेबुवा अलीकडेच उभे.

"दोर कोणी धरलाय?"

"मी धरलाय, काका," पोरगा म्हणाला.

"चोरानं."

"होय, काका."

"मंग मी नाय येत."

पोरीने समजावलं, मी समजावलं, मेहुणीने स्वैपाकघरातून समजावलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा तो पोरगा मान खाली घालून हसला आणि म्हणाला, "असू दे की. मी धरून बसतो, काका. तुम्हाला वाटेल तेव्हा या."

आणि तो खरोखरच धरून बसला. दर रविवारी नाशिकहून कसाऱ्याचा घाट उतरून यायचा, चप्पल काढायचा, भजी खायचा, आणि पोर म्हणायची, "तर चोर दोर धरून बसलाय." योद्धेबुवा अलीकडे बसून दोराची जात, पीळ, गाठ आणि धरणाऱ्याचं खानदान यांची चौकशी करायचे. आम्ही पलीकडे बसून कंटाळलो. माझ्या जादूगाराने तिकडे मिरचीची रोपं लावली. चोराने मात्र एकदाही, "काका, हात दुखायलेत," असं म्हटलं नाही.

पोरीचं आणि या पोरग्याचं काय चाललंय ते मेहुणीला ठाऊक होतं, तिने माझ्या बायकोला सांगितलं होतं, बायकोने मला. साडूंना अजून कळायचंय या समजुतीत आम्ही सगळे कुजबुजत होतो. एके दिवशी संध्याकाळी धरणाच्या बाजूने फिरताना साडूच म्हणाले, "तुमी सगळे मला येडा समजता काय? पैल्याच दिवशी कळलं. तो चप्पल काढून आत गेला, नि हिनं त्याची चप्पल पायानं सरळ करून ठेवली."

"मग? मुलगा वाईट आहे का?"

"नाय. चांगला हाय."

"मग काय अडचण आहे?"

ते कठड्याशी थांबले. "नाय म्हंजे नाय," एवढंच म्हणाले.

पोरीने जेव्हा उघड विचारलं तेव्हाही हेच उत्तर मिळालं. जात वेगळी म्हणून? नाय. बोली वेगळी म्हणून? नाय. मग का? तर नाय. तिने आईसमोर रडून घेतलं, बापाशी बोलणं टाकलं, आणि कंपनीने परत बोलावलंय म्हणून नाशिकला जायची तयारी सुरू केली. घरात दोन माणसं एकमेकांना चुकवत वावरू लागली. रविवारचा खेळ बंद पडला. साडू माझ्या दुकानात यायचे, काचेच्या कपाटापाशी उभे राहायचे, कशावरही संशय न घेता परत जायचे. मला त्या माणसाची काळजी वाटायला लागली.

जायच्या आधीच्या रविवारी तिचा फोन आला. "काका, गोष्ट अर्धी ठेवून जायला नको वाटतं. सगळे या." आम्ही गेलो. पोरगाही आला होता. साडू नेहमीच्या जागी बसले, कोणाकडे न पाहता. पोरीने सुरुवात केली. दरी आहे. चोर दोर धरून बसलाय. आज पलीकडे वेशीवर एल्फांचा एक म्हातारा रखवालदार येऊन उभा राहतो आणि दरीच्या या काठाला ओरडून विचारतो, "ए, तू कोणाचा?"

साडूंचं नेहमीचं उत्तर, 'तुला काय करायचंय', आम्ही सगळ्यांनी मनात म्हणूनही टाकलं. पण ते जरा पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "तुमच्यातलाच हाय. आईकडून."

"आणि बापाकडून?" रखवालदाराने विचारलं.

"बापाकडून गावातला. गावात इचारलंत तर ते बोलतील, हा रानातला. तुमी बोलाल, हा गावातला. मी लहान होतो तवा आई घेऊन यायची इथं. पोरं खेळायला घेत नसत. बोलत, तुझी बोली बाटलेली हाय. आणि गावात चुलत्याच्या लग्नाला पंगत आत बसली, नि माझ्या आईचं ताट भाईर ओट्यावर. माझं पण. त्या... त्या योद्ध्याचं पण."

कढईतल्या तेलाचा आवाज येईनासा झाला. मेहुणी दारात येऊन उभी होती. साडूंची आई वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाडीवरची, एवढं आम्हाला माहीत होतं. पोर जन्मायच्या आधीच ती गेली. तिच्याबद्दल साडू कधी बोलत नसत, आणि ज्याला सगळं जग प्रश्न विचारायला घाबरतं त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

"मोठं झाल्यावर मी जाणंच सोडलं," ते म्हणाले. "दोन्हीकडचं. कोण हसला, का हसला, कोणी पाणी दिलं, कुठल्या भांड्यातून दिलं, हे बघत बसायची सवय लागली. ती जात नाय. माझ्या नातवंडानं तसं बघत बसायला नको, एवढंच हाय माझं."

पोर अजून रखवालदाराच्याच आवाजात बोलायचा प्रयत्न करत होती, पण तो आवाज आता तिला साधत नव्हता. "मग त्या योद्ध्याला असं वाटतं का, की त्याच्या आईबापांनी लग्न करायलाच नको होतं?"

साडूंनी चटकन वर पाहिलं. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नसावा. आपल्या संशयात एवढी मोठी जागा तपासायची राहून गेली याचंच आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाय," ते म्हणाले. "नाय गो. तसं नाय. लई सुखी होती दोघं. बाप आईला हाक मारायचा तर अख्ख्या आळीला ऐकू जायची." मग म्हणाले, "त्यांचं कायच चुकलं नाय. वेशीवर उभे राहतात ना, त्यांचं चुकलं."

पोरगा मान खाली घालून बसला होता, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. साडूंनी त्याच्याकडे पाहिलं.

"ए चोरा. धरलायस ना अजून?"

"धरलाय, काका."

"घट्ट धर मंग. मी येतोय."

माझ्या बायकोने सवयीने फासा पुढे केला. एवढी खोल दरी ओलांडायची तर फासा टाकायलाच हवा, असा नियम होता. साडूंनी तो हाताने बाजूला सारला. "फासा कशाला? त्यानं धरलाय ना," म्हणाले. नियम सांगायची जबाबदारी पोरीची होती, पण ती तोवर बापाच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती.

लग्न ठरलं, आणि पोरीने नाशिकला जाणं लग्नापर्यंत पुढे ढकललं. पहिलं आमंत्रण द्यायला कुठे जायचं, हे साडूंनी कोणाला विचारलं नाही. माझ्या गाडीत ते पुढे, पोर आणि होणारा जावई मागे असे आम्ही सकाळी निघालो. मुरबाड सोडल्यापासून साडूंची कुरकुर सुरू झाली. वाडी आता तिथे नसेलच. असली तरी ओळखणार नाहीत. ओळखलं तरी बोलणार नाहीत. वैशाखऱ्याच्या पुढे डांबर संपलं तिथे त्यांनी मला गाडी तोंड फिरवून लावायला सांगितली, म्हणजे लगेच निघता येईल. वर पायवाटेने चढलो. कुडाच्या भिंतीच्या एका घरापुढे एक खूप म्हातारी बाई नाचणी पाखडत होती. साडूंच्या आईची धाकटी बहीण. साडू लांबच थांबले, हात मागे बांधून, एखाद्या चौकशीला आल्यासारखे. म्हातारीने सूप खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, उठली, आणि जवळ येऊन त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"इतका उशीर का रं केलास?" ती म्हणाली.

वेगवेगळ्या कारणांसाठी आयुष्यभर प्रत्येकाला 'का' विचारणाऱ्या माझ्या साडूंना त्या एका 'का'चं उत्तर देता आलं नाही. ते तिच्यापुढे खाली बसले ते बसलेच. पोरीने तिच्या हातात आमंत्रण दिलं, जावयाने पाया पडून आपल्या सोलापुरी मराठीत काहीतरी सांगितलं. ते म्हातारीला कळलं नाही, पण तिने हसून त्याच्या गालावरून हात फिरवला. आजूबाजूच्या घरांतून माणसं जमली. उन्हं कलेपर्यंत आम्हाला कोणी हलू दिलं नाही, आणि मी उगाच तोंड फिरवून लावलेली गाडी खाली तशीच उभी राहिली.

परतताना साडू मागच्या सीटवर बसले, पोर आणि जावयाच्या मध्ये. मी सरळगावला वळून किन्हवलीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना भाताची कापणी होऊन गेलेली, रिकाम्या खाचरांत पिवळं ऊन. मी काहीतरी बोललो, उत्तर आलं नाही, म्हणून आरशात पाहिलं. साडू झोपले होते. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, आणि डोकं जावयाच्या खांद्यावर. पोरगा ताठ बसला होता, श्वाससुद्धा बेताने घेत. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनीच म्हणाला, "काका, हळू."

लग्न झालं की ती दोघं नाशिकलाच राहणार होती. रविवार मोकळे पडणार होते. मी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, मागच्या ट्रकला हाताने पुढे जायला सांगितलं, आणि शहापूर जितकं उशिरा येईल तितकं बरं, असं म्हणत वळणं सावकाश घेत राहिलो.